अहवाल लॉबीतच टांगलेला होता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई 81 वर्षांच्या आहेत, डिमेन्शिया आहे, चौदा महिने झाले न्यू जर्सीतल्या एका नर्सिंग होममध्ये आहेत. मार्चमध्ये तिथले एक आजोबा संध्याकाळी मागच्या दाराने बाहेर पडले आणि तासाभराने मोठ्या रस्त्याच्या कडेला सापडले. राज्याच्या तपासनिसांनी त्यावरून ‘इमिजिएट जेपर्डी’चा, म्हणजे रहिवाशांच्या जिवाला तातडीचा धोका असल्याचा, शेरा दिला. तुम्हाला हे कळलं मे महिन्यात, तेही पार्किंगमध्ये भेटलेल्या दुसऱ्या एका आजींच्या मुलीकडून. तुम्ही विचारलंय, ‘त्यांनी आम्हाला कळवायला नको होतं का? आणि आता आईला तिथून हलवू का?’

मी मिरजेला नर्सिंग शिकले, 1993 साली इकडे आले. फ्लोअर नर्स म्हणून सुरुवात केली, शेवटची नऊ वर्षं डायरेक्टर ऑफ नर्सिंग होते. इथे त्या पदाला सगळे ‘डॉन’ म्हणतात. सांगलीतला माझा भाऊ अजून त्यावर हसतो. निवृत्तीनंतर ऑम्बड्समनच्या, म्हणजे रहिवाशांच्या तक्रारी हाताळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, कार्यालयासाठी स्वयंसेवक म्हणून आठवड्यातून एकदा एका नर्सिंग होममध्ये जाते. म्हणजे असा शेरा अंगावर घेणारी म्हणूनही मी बसले आहे आणि आता पलीकडच्या खुर्चीवरही. वकील नाही, त्यामुळे दाव्याबिव्याबद्दल काही सांगणार नाही.

आधी एक गल्लत दूर करते, कारण तुमच्या पुण्यातल्या भावाशी बोलताना ती आड येणार. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं दहा-पंधरा खाटांचं खासगी हॉस्पिटल, बाळंतपणं आणि अपेंडिक्सवालं. 1949 सालचा मुंबई नर्सिंग होम नोंदणी कायदा त्याच अर्थाने आहे. इकडचं नर्सिंग होम म्हणजे ते नव्हे, आणि वृद्धाश्रमही नव्हे. चोवीस तास नर्सिंगची गरज असलेल्यांसाठीची, मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य-विमा योजनांनी प्रमाणित केलेली जागा म्हणजे इथलं नर्सिंग होम. हे मुद्दाम सांगते, कारण मी पुढे जे फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचे, नियम सांगणार आहे ते फक्त अशा प्रमाणित जागांना लागू होतात. आई ‘असिस्टेड लिव्हिंग’मध्ये, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळते पण चोवीस तास नर्सिंग नसतं अशा जागेत, असतील, किंवा एकाच आवारातल्या त्या भागात असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे सगळं राज्याच्या कायद्यावर. करारपत्र काढून हे आधी बघा. मी असं धरून चालते की ते प्रमाणित नर्सिंग होमच आहे.

आता उत्तर. फेडरल कायद्यानुसार, तुमच्या आईंचा त्या प्रसंगाशी थेट संबंध नसेल तर, तुम्हाला फोन करण्याची किंवा पत्र पाठवण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती. वाचून राग येईल. मलाही येतो. पण कायद्याने त्यांच्यावर दुसरी एक सक्ती टाकली आहे, आणि ती त्यांनी पाळली का, हे तुम्हाला तपासता येतं.

1987 साली नर्सिंग होमच्या सुधारणांचा कायदा झाला, रहिवाशांचे हक्क त्यात आले. त्यावर बेतलेला नियम असा: सगळ्यात अलीकडच्या तपासणीचा अहवाल आणि त्यावरची सुधारणा-योजना अशा जागी लावायची, जिथे रहिवासी, घरचे आणि कायदेशीर प्रतिनिधी यांना ती कुणाला न विचारता बघता येईल. मधल्या काळात तक्रारीवरून झालेल्या चौकशीत काही निघालं असेल तर तेही त्यातच. शिवाय मागच्या तीन वर्षांचे सगळे अहवाल मागितल्यावर दाखवायचे, आणि ‘ते आमच्याकडे आहेत’ अशी पाटी लावायची. बस, एवढंच. ‘उपलब्ध ठेवा’ असं नियम म्हणतो, ‘कळवा’ म्हणत नाही. तुमच्या आईंच्या लॉबीत कुठेतरी एक बाइंडर असणार. मी पाहिलेले बाइंडर फिशटँकच्या मागे, प्लॅस्टिकच्या फिकसच्या आडोशाला, एकदा तर ख्रिसमसच्या सजावटीच्या खोक्याखाली होते. मार्चपासून तुम्ही त्याच्या शेजारून दर रविवारी गेला असाल.

मग कळवतात तरी कुणाला? त्या आजोबांच्या घरच्यांना ताबडतोब कळवणं बंधनकारक होतं. इजा होणारा अपघात, तब्येतीत मोठा बदल, उपचारात मोठा फेरफार, हलवण्याचा निर्णय, यातलं काहीही झालं तर त्या रहिवाशाच्या प्रतिनिधीला लगेच सांगावंच लागतं. छळाचा संशय असेल किंवा गंभीर इजा झाली असेल तर राज्याच्या यंत्रणेला दोन तासांत, इतर बाबतीत 24 तासांत. चौकशीचा निकाल पाच कामाच्या दिवसांत. त्यापुढची एक गंमत बहुतेकांना माहीत नसते. काळजीचा दर्जाच घसरला आहे असं राज्याला आढळलं तर राज्य दोघांना कळवतं: ज्या रहिवाशांच्या बाबतीत ते आढळलं त्यांच्या डॉक्टरांना, आणि नर्सिंग होमच्या ॲडमिनिस्ट्रेटरला परवाना देणाऱ्या मंडळाला. म्हणजे डॉक्टरांना पत्र जातं, मंडळाला जातं, आणि त्याच कॉरिडॉरमध्ये दोन दारं सोडून राहणाऱ्या बाईच्या मुलाला पार्किंगमध्ये कळतं.

काही राज्यं यापुढे गेली आहेत. कॅलिफोर्नियात सगळ्यात गंभीर दोन वर्गांतले शेरे, म्हणजे ‘एए’ आणि ‘ए’, रहिवाशांना, भेटायला येणाऱ्यांना आणि जागा बघायला येणाऱ्यांनाही सहज दिसतील असे 120 दिवस लावून ठेवावे लागतात. तेही लावणंच, कळवणं नव्हे. पण निदान फिशटँकमागे नाही.

‘घरोघर फोन करणं आम्हाला शक्यच नाही’ असं तुम्हाला कुणी सांगेल. ते पटवून घेऊ नका, कारण एकदा हे झालेलं आहे. एप्रिल 2020 मध्ये याच न्यू जर्सीत, अँडोव्हरमध्ये, एका नर्सिंग होमच्या छोट्याशा शवागारात पोलिसांना 17 मृतदेह सापडले तेव्हा आत किती लोक आजारी आहेत याचा घरच्यांना नीट पत्ता नव्हता. देशभर तेच चाललं होतं. मे 2020 मध्ये फेडरल सरकारने नियम काढला: कोविडचा एक जरी रुग्ण निश्चित झाला, किंवा 72 तासांत तीन जणांना श्वसनाची नवी लक्षणं दिसली, तर सगळ्या रहिवाशांना आणि घरच्यांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत कळवायचं. आणि कळवलं. ज्या जागांना ‘आमच्याकडे ईमेलची यादीच नाही’ म्हणायची सवय होती त्यांनी एका आठवड्यात यादी केली, कुणी रेकॉर्ड केलेला फोन लावला, कुणी वेबसाइटवर रोज टाकलं. साथ ओसरल्यावर ती सक्ती सरली. पण ती यादी आणि ती सोय बहुतेक ठिकाणी अजून आहे. प्रश्न सोयीचा कधीच नव्हता.

मग प्रश्न कशाचा होता ते माझ्या अनुभवातून सांगते. मी डॉन असताना आमच्याकडे एकदा तसा शेरा आला. एका आजींना मऊ, वाटलेलं जेवण द्यायचं होतं. डॉक्टरांनी आदेश बदलला, तो स्वयंपाकघरातल्या कार्डावर चढलाच नाही, आणि त्यांना अख्खा चिकनचा तुकडा गेला. त्या वाचल्या. सर्व्हेअर, म्हणजे राज्याचे तपासनीस, आले, त्यांनी आणखी सहा जणांची कार्डं आणि आदेश ताडून पाहिले, चौघांचे जुळले नाहीत. कंपनीच्या वकिलाचा निरोप आला: संबंधित कुटुंब सोडून कुणाशी बोलायचं नाही, आपण शेऱ्यावर हरकत घेतली आहे. मी बोलले नाही. तीन आठवडे रोज राउंड घेतले, रोज घरच्यांशी गप्पा मारल्या. मग गावच्या साप्ताहिकात बातमी आली. दुसऱ्या दिवशी एक मुलगी माझ्या ऑफिसच्या दारात उभी राहिली. तिच्या वडिलांनाही वाटलेलंच जेवण असायचं. ती एवढंच म्हणाली, ‘मंगळवारी लिफ्टमध्ये तू मला माझ्या मुलाच्या परीक्षेबद्दल विचारलंस.’ ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

हरकत घेणं हा त्यांचा हक्क आहे, आणि शेरे कधीकधी बदलतातही. पण हरकत असते ती शेऱ्यावर. चार कार्डं जुळत नव्हती यावर हरकत काय घेणार? जे घडलं ते सांगायला वकिलाची आडकाठी नसावी, असं माझं मत तेव्हापासून पक्कं आहे.

पुढच्या नोकरीत वेळ आली तेव्हा तो ॲडमिनिस्ट्रेटर वेगळ्या मातीचा निघाला. गरम पाण्याचा मिक्सिंग व्हॉल्व्ह बिघडला, दुसऱ्या मजल्यावरचं पाणी आमच्या 110 अंश फॅरनहाइटच्या मर्यादेच्या बरंच वर गेलं होतं, एका आजोबांचा पाय भाजला. त्याने संध्याकाळी सहाला आम्हा सगळ्यांना बसवलं, दुसऱ्या मजल्याची यादी वाटली आणि रात्री साडेनऊपर्यंत फोन केले. काय झालं, कुणाला झालं ते नाही, आत्ता काय बंद केलंय, उद्या काय होणार. चौघं-पाच जणं चिडली, एकाने शिव्या घातल्या, एका मुलाने विचारलं की तो प्लंबर आहे, उद्या येऊन बघू का. त्या महिन्यात एकही माणूस सोडून गेला नाही. यावरून मी सिद्धांत मांडत नाही. पाण्याचं प्रकरण छळाच्या प्रकरणापेक्षा सांगायला सोपं असतं हेही खरं.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू. पहिलं, तो अहवाल मिळवा. रिसेप्शनवर ‘प्रायव्हसी’ म्हणून अडवलं तर शांतपणे सांगा की अहवालात नावं नसतात आणि तो न विचारता बघता यावा असा नियम आहे. तरीही नाही म्हटलं तर हीच एक वेगळी त्रुटी झाली. तपासनिसांकडे तिचाही क्रमांक आहे, एफ 577. शिवाय तपासणीचे निष्कर्ष नर्सिंग होमला कळवल्यापासून 14 दिवसांत राज्याने ते लोकांना खुले करायचे असतात, त्यामुळे न्यू जर्सीच्या आरोग्य खात्याकडूनही अहवाल मागता येतो. मेडिकेअरच्या ‘केअर कम्पेअर’ या साइटवरही येतो, जरा उशिराने. तिथले दर्जाचे तारे मात्र बघून न बघितल्यासारखे करा. त्यातला एक भाग तपासणीचा, एक कर्मचारीसंख्येचा आणि एक अशा मोजमापांचा, ज्यांची बरीचशी माहिती नर्सिंग होम स्वतःच भरतं. मी ती वर्षानुवर्षं भरली आहे.

अहवाल वाचताना घाबरायचं कुठे आणि कुठे नाही, ते बघू. प्रत्येक त्रुटीला ए ते एल यांपैकी एक अक्षर मिळतं. धोका किती गंभीर आणि पसारा किती, या दोन गोष्टींवरून ते ठरतं. शेवटची तीन, म्हणजे जे, के आणि एल, ही ‘इमिजिएट जेपर्डी’. नियम मोडला गेला, त्यातून गंभीर इजा किंवा मृत्यू झाला किंवा होण्याची दाट शक्यता आहे, आणि आत्ताच्या आत्ता काही करायला हवं, असा त्याचा अर्थ. ‘जे’ असेल तर एखाद्-दुसऱ्या माणसापुरतं, के असेल तर अनेकांच्या बाबतीत तीच चूक, एल असेल तर जागाभर. तुमच्याकडे ‘जे’ असण्याची शक्यता जास्त वाटते, पण दाराचा अलार्म कित्येक आठवडे बंदच असेल तर के किंवा एलही असू शकतो. लोक या तीन अक्षरांना भितात आणि जी हे अक्षर सोडून देतात. जी म्हणजे प्रत्यक्ष इजा झाली, पण वरच्या पायरीइतकी नाही. सुटा ‘जे’ पाहून मला जितकी भीती वाटत नाही तितकी दोन वर्षांत तीनदा आलेला जी पाहून वाटते, विशेषतः पडून राहिल्याने पाठीवर होणाऱ्या जखमांचा असेल तर.

अहवालात माणसांची नावं नसतात, ‘रहिवासी 3’, ‘रहिवासी 11’ असे आकडे असतात. तुम्हाला वाटेल, आईचा त्यात काही संबंध नाही. तसं गृहीत धरू नका. सर्व्हेअर कुठलीही चूक सापडली की तशाच आणखी लोकांचे चार्ट काढतात. त्या आजोबांखेरीज भटकण्याची सवय असलेले आणखी चार-सहा जण नमुन्यात घेतले असतील आणि तुमच्या आई ‘रहिवासी 5’ असतील. कुठला आकडा कुणाचा, याची यादी नर्सिंग होमकडे असते. तुम्ही आईंचे कायदेशीर प्रतिनिधी असाल तर डॉनला सरळ विचारा: ‘या अहवालात माझ्या आईचा आकडा आहे का, आणि असेल तर कुठला?’ दुसऱ्या कुणाचा विचारू नका, ते सांगणारही नाहीत. चार्ट बघण्याचा हक्क तुम्हाला आहे. तोंडी किंवा लेखी मागितल्यावर सुट्ट्या सोडून 24 तासांत बघायला मिळाला पाहिजे आणि प्रती दोन कामाच्या दिवसांत. आईंच्या डॉक्टरांनाही फोन करा. ‘राज्याचं पत्र आलंय का?’ एवढंच विचारा. बऱ्याचदा ते पत्र त्यांच्या ऑफिसात न फोडता पडलेलं असतं.

मग ॲडमिनिस्ट्रेटर आणि डॉन, दोघांनाही एकत्र वेळ मागा. ‘तुम्ही आम्हाला का सांगितलं नाही’ या प्रश्नाने सुरुवात करू नका, तो शेवटी ठेवा. आधी विचारला तर समोरचा माणूस वकिलाची भाषा बोलायला लागतो आणि उरलेला तास वाया जातो. सुरुवात दारापासून करा. तुमच्या आई चालतात का, हे तुम्ही लिहिलं नाहीत, आणि सगळं त्यावर आहे. चालत असतील, संध्याकाळी ‘घरी जायचं’ म्हणून अस्वस्थ होत असतील, तर हा प्रसंग उद्या त्यांचाही होऊ शकतो. बाहेर निघून जाण्याचा धोका किती याचं त्यांचं मूल्यमापन शेवटचं कधी झालं? मार्चनंतर पुन्हा केलं का? मनगटावर किंवा पायात अलार्मचं कडं आहे का, आणि ते चालतंय हे कोण तपासतं, किती वेळा? रिसेप्शनला त्यांचा फोटो आहे का? आई व्हीलचेअरवर असतील तर दाराचा प्रश्न त्यांच्यासाठी दुय्यम. तेव्हा खरा प्रश्न हा की त्या संध्याकाळी त्या मजल्यावर किती सीएनए, म्हणजे नर्सच्या हाताखालच्या मदतनीस, होत्या आणि तासभर कुणालाच एक माणूस कमी आहे हे का कळलं नाही.

यातली एक आतली गोष्ट सांगते. असा शेरा आला की धोका 23 दिवसांत हटवावा लागतो, नाहीतर मेडिकेअर-मेडिकेडमधून बाहेर. शिवाय दंड रोजच्या रोज वाढतो आणि वरच्या पायरीचा कमाल दर दिवसाला वीस हजार डॉलरच्या पुढे आहे. म्हणून त्या दिवशी संध्याकाळीच दाराशी एक माणूस खुर्ची टाकून बसवला जातो, सगळ्यांना ट्रेनिंग दिल्याच्या सह्या घेतल्या जातात, अलार्म दर पंधरा मिनिटांनी तपासल्याची वही सुरू होते. धोका हटतो, कागदही होतो. पण ती खुर्ची कायमची नसते. तेव्हा विचारा, दाराशी आज कोण बसलंय? खुर्ची उचलली असेल तर तिच्या जागी काय आलं? मॅग्नेटिक कुलूप, नवा अलार्म, वाढवलेला एक माणूस, की नुसतीच वही? आणि मग शनिवारी संध्याकाळी सातला, न कळवता, स्वतः जाऊन बघा. सोमवारी सकाळी दहाला प्रत्येक नर्सिंग होम छान असतं.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. आईंना कुणी सांगितलं का? हक्क मुळात रहिवाशाचा आहे, मुलाचा नंतर. नियमात स्पष्ट आहे की रहिवाशाला माहिती तिला समजेल अशा भाषेत आणि अशा पद्धतीने मिळाली पाहिजे. डिमेन्शिया आहे म्हणून काहीच सांगायचं नाही, असं नाही. त्या आजोबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून त्यांना काही ना काही कळलेलं असतंच. मराठी बोलणाऱ्या आजी इंग्रजी मजल्यावर असतात तेव्हा काय होतं हे मी बघते. तपासनीस रहिवाशांशी बोलायला येतात तेव्हा त्यांना सांगितलं जातं, ‘शी डझन्ट स्पीक इंग्लिश’, आणि ते पुढच्या खोलीत जातात. फोनवर दुभाषा मिळतो, मराठीचाही, पण तो मागावा लागतो. आईंच्या केअर प्लॅनमध्ये ‘मराठी, फोनवरून दुभाषा’ हे लिहून घ्या. एडिसन-इझलिनच्या बाजूला काही ठिकाणी गुजराती जेवण आणि आरती असते. तिथे आपल्या लोकांना वाटतं की भाषेची सोय झाली. जेवणाची होते. रात्रपाळीत दुखतंय कुठे हे सांगायला गुजरातीही पुरत नाही.

इथवरचा क्रम म्हणजे अहवाल, आकडा, डॉक्टर, दार, मग भाषा. हे सगळं आठ-दहा दिवसांत होतं. आईंना हलवण्याचा निर्णय त्यानंतर.

हलवण्याबद्दल मी ठाम काही सांगू शकत नाही, पण मी कसा विचार करते ते सांगते. डिमेन्शियाच्या माणसाला नवी खोली, नवे चेहरे, नवीन संडासाचं दार, हे सगळं महागात पडतं. पहिल्या महिन्यात पडणं, न जेवणं, रात्रीचा गोंधळ वाढलेला मी खूपदा पाहिला आहे. म्हणून एका शेऱ्यावरून कुणी हलवू नये असं मला वाटतं, तो माणसाने मुद्दाम केलेल्या छळाचा किंवा झाकाझाकीचा नसेल तर. तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवा. तुमच्या आजोबांचा शेरा बहुधा एफ 689 खाली असेल. अपघाताचे धोके आणि देखरेख त्यात येतात. तोच क्रमांक मागच्या दोन तपासण्यांतही असेल तर तो प्रसंग नव्हे, ती सवय आहे. मग शोध सुरू करा. पहिल्यांदाच आला असेल आणि बैठकीत त्यांनी तुम्हाला डोळ्यात बघून उत्तरं दिली असतील तर थांबा आणि लक्ष ठेवा. आणि ज्या जागेत न्यायचं म्हणता तिचेही तीन वर्षांचे अहवाल याच पद्धतीने वाचल्याशिवाय पाऊल उचलू नका. शेरा नाही याचा अर्थ कधीकधी इतकाच असतो की तपासनीस बरेच महिने आलेले नाहीत. नियमाने दोन तपासण्यांत 15 महिन्यांपर्यंतचं अंतर चालतं.

राहिला कळवण्याचा प्रश्न. कायद्यात नसलेली गोष्ट तुम्ही त्यांच्याकडून लिहून घेऊ शकता, एकट्याने नाही, पण फॅमिली कौन्सिलमधून. घरच्यांनी मिळून कौन्सिल काढलं तर नर्सिंग होमने खासगीत बसायला जागा द्यावी लागते, मदतीला एक माणूस नेमून द्यावा लागतो आणि तुमच्या मागणीवर काय केलं, का केलं नाही, हे कारणासकट सांगावं लागतं. मागणी मान्यच केली पाहिजे असं नाही. पण ‘जे, के किंवा एल दर्जाचा कुठलाही शेरा आला की 24 तासांत सर्व घरच्यांना नावं न घेता कळवू’ या एका वाक्याला ‘नाही’ म्हणून कारण लेखी द्यायचं, हे कुठल्याही ॲडमिनिस्ट्रेटरला जड जातं. आम्ही गेल्या वर्षी एका ठिकाणी 48 तासांवर तडजोड केली.

आपली माणसं या कौन्सिलमध्ये दिसत नाहीत. कारण मला माहीत आहे. अर्ध्यांनी गावाकडे सांगितलेलंच नसतं की आईला नर्सिंग होममध्ये ठेवलंय; विचारलं तर ‘आई झोपलीये’ म्हणून व्हिडिओ कॉल टाळतात. तिथे नाव पुढे आलं, फोटो आला, तर? त्या पार्किंगमधल्या मुलीला गाठा. तिला तुमच्यापेक्षा आधी कळलं होतं, म्हणजे ती बाइंडर वाचणारी आहे. दोघांपासून कौन्सिल सुरू होतं.

बोलल्यावर आईंवर राग काढतील ही भीती तुमच्या प्रश्नात लिहिलेली नाही, पण ओळींमधून दिसते. असा राग काढणं बेकायदा आहे. काढून टाकायचं म्हटलं तरी कारणं मोजकी सहाच, तीस दिवसांची लेखी नोटीस आणि तिची प्रत ऑम्बड्समनला. ‘घरचे फार प्रश्न विचारतात’ हे त्या सहांत नाही. प्रत्यक्षात सूड उघड नसतो. घंटीला उशिरा येणं, आंघोळीचा वार चुकणं अशा बारीक गोष्टींत असतो. म्हणून बैठकीच्या आधीच ऑम्बड्समनला फोन करा. काही बिनसल्यावर नको. सेवा मोफत आहे, तुम्ही सांगितल्याशिवाय ते तुमचं नाव नर्सिंग होमला देत नाहीत, आणि त्यांची माणसं आत कधीही जाऊ शकतात. त्यांचा नंबर लॉबीत लावलेला असतो, बहुधा त्याच भिंतीवर. नाही सापडला तर एल्डरकेअर लोकेटरला, 1-800-677-1116 वर, फोन करा. ते जोडून देतात.

अहवाल हातात आला की अक्षर कुठलं, एफचा क्रमांक कुठला, तपासणीची तारीख काय आणि सुधारणा-योजनेत दुरुस्तीची म्हणून दिलेली तारीख काय, एवढं मला लिहा. नर्सिंग होमचं नाव नको, आईंचंही नको. आणि आई चालतात की नाही, ते.